सुटणारी पकड

आसावरी कदमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर तिने कधी लावला नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायची तेव्हा ही सवय लागली, आणि ती अमेरिकेत रेडमंडपर्यंत तिच्याबरोबर आली. उठायचं, कणीक मळायची, तिघांचे डबे भरायचे आणि पहिली बस पकडायची. बाहेर अंधार आणि पाऊस. रेडमंडचा हिवाळ्यातला पाऊस कोसळत वगैरे नाही. तो नुसता असतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा.

ती कामाला होती ते दुकान स्कीचं. पुढच्या बाजूला काचा, दिवे, रंगीबेरंगी जाकिटं. मागच्या बाजूला वर्कशॉप, तिथे आसावरी. बर्फावरून घसरायला पायाखाली जी लांब फळी लागते ती स्की. पायात प्लास्टिकचा टणक बूट. आणि बूट फळीवर धरून ठेवणारा जो जबडा असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. त्याचा पुढचा तुकडा बुटाचा चवडा धरतो, मागचा टाच धरतो. हे तुकडे फळीवर बसवायचे आणि माणसाच्या मापाने लावून द्यायचे, हे आसावरीचं काम.

शिरोलीत ती फिटर होती. आयटीआय करून, घरच्यांशी भांडून झालेली. पंपांची जोडणी करायची. तिथे ‘सैल’ ही शिवी होती. फोरमन एखाद्याच्या कामाला सैल म्हणाला की तो माणूस दिवसभर मान वर करत नसे. नवऱ्याच्या, जगन्नाथच्या, भावाने अर्ज भरला म्हणून पुढे सगळे अमेरिकेत आले. जगन्नाथ विमानतळाच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. आसावरीने आधी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या. मग कुणीतरी सांगितलं, स्कीच्या दुकानात हत्यारं हाताळणारं माणूस हवंय.

दुकानाचा मालक ग्रेग. थोराड, गुडघ्यात अधू, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने बाइंडिंगची स्प्रिंग पार पिळून आवळली आणि अभिमानाने त्याच्यासमोर ठेवली. ग्रेगने बूट अडकवून हिसडा दिला. हललं नाही. तो म्हणाला, “पूल बांधायचा नाहीये आपल्याला. माणूस पडला, पाय पिळवटला, की हे सुटायला हवं. नाही सुटलं तर स्की शाबूत राहील आणि हाड मोडेल.”

त्या संध्याकाळी ती जगन्नाथला म्हणाली, “आयुष्यभर आवळायला शिकले. आता म्हणे, सुटेल असं बांधा.”

“तुझ्या माहेरून आलेला पलंग तसाच होता की,” जगन्नाथ म्हणाला. “तो आपोआप सुटायचा.”

“तो तुझ्या वजनाने.”

पण काम तिला पटलं. आवळणं सोपं असतं, त्याला नुसता जोर लागतो. चालताना, वळताना, उडी मारताना धरून ठेवायचं आणि ज्या क्षणी हाडावर यायला लागेल त्या क्षणी सोडून द्यायचं, हे कठीण. त्यासाठी प्रत्येक माणसाचा आकडा वेगळा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो माणूस जपून उतरतो की बेफाम, एवढं विचारून तक्त्यातून आकडा काढायचा. तो बाइंडिंगच्या बारीक खिडकीत काट्याने दिसतो. अंदाज चालत नाही. ओळखीचा माणूस असला तरी चालत नाही.

गिऱ्हाईक मात्र अंदाजाचंच. सॉफ्टवेअरवाली पोरं यायची, पुण्याची, नागपूरची. मराठी बाई दिसली की थेट मागे वर्कशॉपमध्ये शिरायची. देवांग नावाचा एकजण बायकोला घेऊन आला होता.

“काकू, जरा टाईट करून द्या ना. मागच्या वेळी सारखी निघत होती यार.”

“कसे उतरता तुम्ही? इथे ‘बेधडक’वर खूण केलीय.”

“बेधडक तर आहेच,” बायको म्हणाली. “पार्किंगपासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत तीनदा आपटला.”

“बूट नवे होते!”

“वजन किती?” आसावरीने विचारलं.

“सत्तर.”

बायकोने छताकडे पाहिलं. “काकू, काटा आहे का इथे?”

आसावरी हसली, पण काट्यावर उभं केलंच. मग सांगितलं, “बुटाच्या तळाला बर्फ चिकटलं असेल, म्हणून निघत असणार. पाय ठेवण्याआधी तळ खरवडायचा. आकडा वाढवून बर्फ जात नाही.” देवांगने मान डोलावली आणि जाता जाता पुन्हा म्हणाला, “थोडंसं तरी टाईट?” तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

इलाच्या बाबतीतही तिने हेच केलं. फरक इतकाच की इला तिची मुलगी होती.

इला दोन वर्षांची असताना इथे आली. मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीतून यायचं. शाळेच्या सहलीबरोबर घाटात गेली आणि पहिल्याच दिवशी बर्फाच्या नादी लागली. डोंगरातल्या त्या खिंडीला सगळे पास म्हणायचे, आसावरी घाटच म्हणायची. सतराव्या वर्षापर्यंत पोरगी शाळेच्या संघात सगळ्यांत पुढे होती. निशाणांमधून, म्हणजे गेटांमधून, नागमोडी वळत खाली यायच्या त्या शर्यती. आसावरी बघायला कधी गेली नाही. तिला बघवत नसे. निकाल लागले की पोरगी सांगायची, आणि आसावरी पोळी उलटत ऐकायची.

त्या हिवाळ्यात मोठी गोष्ट होती. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी घाटात दोन शर्यती होणार होत्या, एक सकाळी, एक दुपारी. डोंगराळ राज्यांतल्या कॉलेजांचे प्रशिक्षक बघायला येणार होते. त्यांच्या नजरेत भरली तर इलाला कॉलेजच्या संघात जागा मिळणार होती. दुसरं कुठलं कॉलेज तिला नकोच होतं. रात्रंदिवस एकच धोशा.

नवी स्की ग्रेगने घेतल्या किमतीला दिली. बाइंडिंग निवडायला इला स्वतः आली. भिंतीवरच्या लाल जोडीवर बोट ठेवून म्हणाली, “धिस वन. सगळ्यांकडे हेच आहे.”

आसावरीने ते खाली काढलं. “याचा आकडा जिथे सुरू होतो, तिथे तुझा संपतो. हे अंगापिंडाने दुप्पट असलेल्या बाप्यांचं आहे.”

“बट इट लुक्स फास्ट.”

“बाइंडिंग पळत नाही. तू पळतेस.” तिने दुसरं काढलं, राखाडी. “स्प्रिंग दोन्ही टोकांना भरवशाची नसते. आपला आकडा मध्यावर यायला हवा. तुझ्या बुटाचा तळ यात बसतो. आणि स्की निसटली तर थांबवणारे हे दोन पाय बघ, फळीपेक्षा जेमतेम रुंद आहेत. जास्त असते तर वळताना बर्फात घासले असते.”

“ग्रे आहे, आई.”

“आहे.”

“ओके, मग आकडा थोडा वर ठेव. संघातल्या सगळ्या मुली ठेवतात. शर्यतीत स्की सुटली की संपलं. यू आर आउट.”

“सुटली तर पाय वाचेल.”

“आणि शर्यत?”

आसावरीने राखाडी जोडी टेबलावर ठेवली. इला हसली, पण ते हसू तिरकं होतं. “यू आर द ओन्ली मदर इन अमेरिका हू वॉन्ट्स हर किड्स स्की टु फॉल ऑफ.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी आसावरीने काम घेतलं. स्की व्हाइसमध्ये बांधली. मध्यरेषा आखली, पुन्हा तपासली. बुटाच्या लांबीवर जिग, म्हणजे भोकांचा साचा, लावला, कारण भोकं एकदाच पडतात. ड्रिलच्या बिटला खोलीची कडी असते, ती पाहिल्याशिवाय ती ड्रिल हातात घेत नसे. फळी बारीक, कडी विसरली तर बिट खालून बाहेर येतो. आत धातूचा पत्रा होता म्हणून आटे पाडले, चुरा फुंकून काढला, भोकांत गोंद सोडला. स्क्रू हाताने, तिरपे, थोडे थोडे. शेवटचा पीळ मशीनने कधीच नाही. मनगटाला कळतं कुठे थांबायचं. मग बूट अडकवला, मागचा तुकडा बुटाला किती रेटतोय ते त्याच्या खुणेवर आणलं, आणि तक्त्यातला इलाचा आकडा लावला. तक्ता म्हणाला तेवढाच.

शेवटी तपासणीचं यंत्र. ते बूट पिळतं आणि किती जोरावर सुटतो ते दाखवतं. चवडे दोन्ही बरोबर आले. डावी टाच जराशी उशिरा सुटली. चालण्यासारखी होती. ग्रेगने पाहिलं आणि म्हणाला, “पास.” आसावरीने टाचेचा तुकडा काढला, तो ज्यावर सरकतो तो रूळ साफ केला, पुन्हा बसवला, पुन्हा यंत्राला लावला. मग ‘पास’ तिने स्वतः म्हटलं.

शर्यतीचा शनिवार लांब सुट्टीतला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ग्रेग म्हणाला, “तू घाटात जा. मी बघतो.” तिने नुसता हात हलवला. समोर स्कींची रांग होती आणि धार लावायचा पट्टा फिरत होता. अकराच्या सुमारास फोन वाजला. तिने तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

“आई, स्की सुटली.”

“काय?”

“स्की सुटली! शेवटून दुसऱ्या गेटला. आय वॉज लीडिंग.”

“सुटली? बरं झालं,” आसावरी म्हणाली.

पलीकडे क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग इला म्हणाली, “ओके.” आणि फोन बंद झाला.

आसावरीच्या छातीतलं ओझं उतरलं होतं. पोरगी पडली, पाय पिळवटला, आणि जबड्याने वेळेवर सोडलं. तिने पट्टा थांबवून ग्रेगला हाक मारली. “सुटली! मी लावलेली सुटली. पोरीला काही झालं नाही.” ग्रेगने टेबलावर मूठ आपटली, शाबासकीची. ‘आय वॉज लीडिंग’ हे शब्द तिने ऐकले होते, पण ते मागाहून पोचले. बिचारी हिरमुसली असेल. जेवणाच्या सुट्टीत फोन करू, असं तिने मनाशी ठरवलं. जेवणाची सुट्टी झालीच नाही.

वर घाटात इला छपराखालच्या बाकावर बसली होती, संघाचं सामान ठेवतात तिथे. बाकावर एक स्क्रूड्रायव्हर पडलेला होता. आकडा बदलायला ताकद लागत नाही, शिक्षण लागत नाही. लहान मूलही फिरवील. तिने चारही ठिकाणी काटा पार टोकाला नेला. कुणाला सांगितलं नाही.

दुपारच्या शर्यतीत ती आणखी वेगाने आली. मधल्या उतारावर स्कीचं टोक निशाणात अडकलं. अंग पुढे गेलं, फळी मागे राहिली, आणि या वेळी जबडा सुटला नाही.

प्रशिक्षकाचा फोन आला तेव्हा आसावरीच्या हातात कुणाचा तरी बूट होता. जगन्नाथने गाडी आणली. पायथ्याच्या गावातल्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा इलाला ऑपरेशनला नेलं होतं. नडगी पीळ पडून मोडली होती, गुडघ्यातलंही तुटलं होतं. उजवा पाय.

प्रशिक्षकाने इलाची स्की आणून कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. आसावरीची नजर आधी तिकडे गेली. तिला वाटलं, माझं काम चुकलं. भोकं, गोंद, रूळ, सगळं डोळ्यासमोरून गेलं. ती खाली बसली आणि खिडकीतला काटा पाहिला. टोकाला होता. चारही.

माझं काम चुकलं नव्हतं. हे कळल्यावर तिला हायसं वाटलं, एका श्वासापुरतं. दुसऱ्या श्वासाला स्वतःचीच किळस आली.

“तिनेच फिरवलं,” प्रशिक्षक भिंतीकडे बघत म्हणाला. “मला आत्ता कळलं. सकाळची पडल्याची फिल्म मी पाहिली. तेव्हा सुटली नसती तर सकाळीच मोडला असता पाय. ती वेळेवरच सुटली होती.”

इला शुद्धीवर आली ती संध्याकाळी. ओठ कोरडे होते. आसावरीने बर्फाचा तुकडा लावला. बराच वेळ पोरगी आईच्या हाताकडे बघत राहिली.

“का ग फिरवलंस?” आसावरीने विचारलं. आवाज चढू दिला नाही.

“यू सेड ‘बरं झालं’.”

“म्हणजे?”

“मी सांगितलं, स्की सुटली, मी हरले. यू सेड, बरं झालं.” तिचा चेहरा वाकडा झाला. “यू वेअर हॅपी, आई. मी पहिली येणार होते, आणि यू वेअर हॅपी.”

आसावरीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती खाटेच्या कडेवर बसली. “अगं, पाय वाचला म्हणून म्हणाले मी. सुटली म्हणून तू वाचलीस. त्याचं बरं वाटलं.”

“तू तसं नाही म्हणत,” इला म्हणाली. या वेळी मराठीत, एकेक शब्द जुळवत. “मी लहानपणी सायकलवरून पडले, तू म्हणालीस, बरं झालं, सांगत होते ना. दूध सांडलं, बरं झालं. परीक्षेत कमी मार्क, बरं झालं. तू नेहमी तेव्हाच म्हणतेस.”

जगन्नाथ दारात उभा होता. तो वळून बाहेर गेला.

पोरगी खोटं बोलत नव्हती. कोल्हापुरात आसावरीची आईही हेच म्हणायची, तिची आईही. पडलीस? बरं झालं! आणि लगेच गुडघ्याला हळद लावायला धावायची. शब्द एक सांगायचे, हात दुसरं. मुलांना कुणी समजावून द्यावं लागत नसे, कारण हात जवळ असायचा. फोनवर हात नव्हता. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि पोरीच्या वाट्याला नेमका दुसरा आला होता.

“आय गेट इट नाऊ,” इला म्हणाली आणि डोळे मिटले. “इट्स ओके.”

ते ओके नव्हतं.

कॉलेजांचे प्रशिक्षक परत गेले. एकाने बरं वाटो म्हणून संदेश पाठवला, पुढे काही नाही. हाडात सळई घातली होती. मग गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन. वसंत ऋतू खाटेवर गेला. इला चिडली असती, रडली असती, दार आपटलं असतं तर आसावरीला सोसलं असतं. ती नम्र झाली. चहा दिला की “थँक यू”, उशी सारली की “थँक यू”. परक्या घरी उतरल्यासारखी. आसावरी पहाटे उठून तिचा पाय दाबायची, व्यायाम करून घ्यायची, डॉक्टरने सांगितले त्याहून जास्त वेळा. आणि पोरगी दात आवळून करायची. मेहनतीत दोघींपैकी एकीनेही कुचराई केली नाही. गुडघा तरी पूर्ण वाकेना.

एकदा तपासणीहून आल्यावर जगन्नाथने बातमी आणली, “हाड नीट जुळलंय म्हणाले. बरं झालं.”

शब्द तोंडातून गेले आणि तिघंही ताटाकडे बघत बसली. भात निवला. शेवटी इलाच म्हणाली, “बाबा, आमटी पास करा.”

दुकानात आसावरीचं काम थांबलं नाही. ग्रेगने इलाची स्की परत हवी का विचारलं, तिने विकायला सांगितलं. गिऱ्हाइकांनी टाईट करून मागितलं की ती आता वाद घालत नसे. तक्त्यावर बोट ठेवायची आणि गप्प राहायची. एका बाईने सांगितलं, तुम्ही लावलेलं बाइंडिंग सुटलं म्हणून माझ्या मुलाचा पाय वाचला, आणि मिठी मारली. आसावरी मागे जाऊन नळाखाली हात धूत राहिली. हात स्वच्छच होते.

उन्हाळ्याच्या शेवटी इलाने सांगितलं, ती जाणार. शिकागोजवळ शॉमबर्गला, वीणा मावशीकडे. वीणा आसावरीची धाकटी बहीण. तिथल्या साध्या कॉलेजात नाव घातलं होतं, मावशीशी परस्पर बोलून.

“इथेही कॉलेजं आहेत,” आसावरी म्हणाली.

“आय नो.”

“माझ्यामुळे जातेस?”

इला खिडकीशी उभी होती. त्या दिवशी आभाळ मोकळं होतं, घाटाकडचे डोंगर स्पष्ट दिसत होते, टोकाशी अजून पांढरे. “नो, आई,” ती म्हणाली. मग डोंगरांकडे बघत, “मावशीकडे सगळं सपाट आहे.”

आसावरीला खूप बोलायचं होतं. काय बोलावं, त्यातला कुठला शब्द कसा पोचेल, याचा तिला आता भरवसा राहिला नव्हता. म्हणून तिने बॅग भरायला घेतली. कपडे घट्ट घड्या घालून, कोपरे भरून, चेन सहज लागेल अशी. इलाने मदत करू पाहिली, तिने करू दिली नाही.

मागचा सगळा हिवाळा आसावरीने जादा पाळ्या केल्या होत्या. शनिवार, रविवार, सुट्ट्या. बोटांच्या चिरांत मेण जाऊन बसलं होतं ते निघत नव्हतं. इलाच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी म्हणून ते पैसे वेगळे ठेवले होते. कोणाला हात लावू दिला नव्हता. त्यातून शिकागोचं तिकीट काढलं, जाण्याचं फक्त. आणि वर थोडे भरून विमानात पुढच्या रांगेतली कडेची जागा घेतली, न वाकणारा पाय सरळ ठेवता येईल अशी.